अंगावरून गेलेलं वारं

"हाताला तर काय बी झालं न्हाई, मग हलत का न्हाई?"

प्रश्न तात्यांच्या बायकोचा. तिनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून उचलला आणि माझ्या टेबलावर ठेवला. चाळीस वर्षं उसाच्या मोळ्या बांधलेला हात होता तो. कातडी शाबूत, हाड शाबूत, तळव्यावरचे घट्टे जसेच्या तसे. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे गोठ्यात वैरण टाकताना तात्या खाली बसले, ते स्वतःच्या बळावर पुन्हा उठले नाहीत.

आमच्या भागात याला लकवा म्हणतात, पॅरालिसिस म्हणतात; जुनी माणसं म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." मला हा शब्दप्रयोग आवडतो. घडलेल्या गोष्टीचा अचानकपणा त्यात नेमका आला आहे. पण त्यानं एक घोटाळाही होतो. वारं अंगावरून गेलं म्हटलं की दोष अंगातच शोधला जातो. मग हाताला तेल चोळतात, कबुतराचं रक्त लावतात, गंडा बांधतात, रबरी चेंडू देऊन "दाब, दाब" म्हणतात. सगळे उपाय हाताला. आणि इतकं करूनही हात हलला नाही की शेवटी दोष माणसाला लागतो: "मनावरच घेत नाहीत."

जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट म्हणून मला चोवीस वर्षं झाली. या वर्षांत मी हजारो हातपाय हलवले असतील. पण माझ्या कामातलं सगळ्यांत महत्त्वाचं हत्यार कोणतं, असं विचारलंत तर मी केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर पेनानं काढलेलं एक चित्र दाखवीन. वर एक मोठा गोळा, त्याला खाली देठ, देठातून निघालेली एक लांब दोरी आणि दोरीला फुटलेले फाटे. "तात्या, तुमचा हात इथं खांद्याला लावलेला आहे, पण त्याची चावी इथं आहे," असं म्हणून मी गोळ्याच्या डाव्या बाजूला फुली मारते.

मुळात हे चित्र मी मेलेल्या माणसाकडून शिकले. पहिल्या वर्षी शरीररचनेच्या हॉलमध्ये फॉर्मालिननं डोळे चुरचुरत असताना सरांनी एक मेंदू माझ्या ओंजळीत ठेवला. कुणीतरी देहदान केलं होतं. माणसाचा मेंदू भरतो साधारण १३०० ते १४०० ग्रॅम. म्हणजे दीड किलोलाही कमी. फॉर्मालिनमध्ये तो घट्ट होतो. जिवंतपणी तो खरवसासारखा मऊ असतो, असं सर सांगत. एवढी मऊ वस्तू कवटीच्या हाडावर टेकून राहिली असती तर स्वतःच्याच भारानं चेपली असती. म्हणून ती पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात तरंगत ठेवलेली असते. हा द्रव असतो जेमतेम १५० मिलिलिटर, पण त्यात बुडालेल्या मेंदूचं वजन ५० ग्रॅमच्या आसपास उतरतं.

सरांनी मेंदूचे आडवे काप घेतले. बाहेरून करडी साय, आत पांढरं. करड्या भागात पेशी, पांढऱ्यात त्यांचे लांब धागे. मधोमध, दोन करड्या गाठींच्या फटीतून जाणारा पांढरा पट्टा त्यांनी चिमट्याच्या टोकानं दाखवला. मेंदूच्या पृष्ठभागावरून हालचालीचा निरोप घेऊन निघालेले धागे या अरुंद खिंडीत गोळा होतात. या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या सुतासारख्या बारीक. वर्षानुवर्षं चढलेला रक्तदाब त्यांनाच आधी पोखरतो. "घाटात दरड कोसळली की पलीकडची सगळी गावं तुटतात," सर म्हणाले होते. तात्यांच्या सीटी स्कॅनमध्ये या खिंडीतच बोटाच्या पेराएवढा पांढरा डाग होता. रक्तस्राव. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनी दोन वर्षांपूर्वी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद केल्या होत्या.

खिंडीतून उतरलेले हे धागे पुढं मेंदूच्या देठात येतात आणि देठ संपून मज्जारज्जू सुरू होतो तिथं, कवटीच्या बुडाशी, शंभरातले ८५ ते ९० धागे बाजू बदलतात. डावे उजवीकडं, उजवे डावीकडं. त्या दिवशी सरांनी आम्हाला देठाच्या पुढच्या बाजूची फट हळूच उघडायला लावली. आत धाग्यांचे पदर एकमेकांना छेदून गेलेले दिसले, वेणीच्या पेडांसारखे. नुसत्या डोळ्यांना. तात्यांची डाव्या मेंदूतली दरड उजव्या हाताला का भोवली, त्याचं उत्तर त्या वेणीत होतं.

मज्जारज्जूची दोरी करंगळीएवढी जाड आणि सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी ती संपतेही. तिच्यातून ३१ जोड्या नसा बाहेर पडतात. मेंदूतून आलेला निरोप दोरीत दुसऱ्या पेशीच्या हाती दिला जातो आणि ती पेशी तो स्नायूपर्यंत नेते. म्हणजे डाक दोन टप्प्यांत चालते. पहिला टप्पा तुटला की स्नायू आधी लुळा पडतो, मग काही आठवड्यांत ताठरू लागतो, कारण खालच्या पेशींवर वरून असलेला लगाम सुटतो. म्हणून तात्यांच्या हातातला चेंडू मी काढून घेतला. आधीच मिटू पाहणाऱ्या मुठीला आणखी मिटायला शिकवण्यात फायदा नव्हता. त्यांना मूठ उघडण्याची गरज होती.

हे सगळं मला पाठ होतं. तरी मी एका माणसावर अन्याय केला.

नोकरीचं दुसरं वर्ष असेल. एक आजोबा येत. उजव्या मेंदूला इजा, डावी बाजू कमजोर. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहून सूचना द्यायचे आणि ते माझ्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. व्हीलचेअर प्रत्येक वेळी डावीकडच्या दाराला धडकवायचे. सदऱ्याची डावी बाही लोंबती. एके दिवशी मी सगळ्यांसमोर आवाज चढवला, "आजोबा, तुम्हाला बरं व्हायचंय की नाही? लक्षच देत नाही तुम्ही." ते गोंधळून उजवीकडं बघत राहिले. आवाज कुठून येतोय, हेच त्यांना उमगत नव्हतं.

आमच्या विभागप्रमुख मॅडम ते बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी त्यांनी मला वॉर्डात नेलं. आजोबा जेवत होते. ताटातल्या उजव्या बाजूचा भात आणि आमटी संपली होती. डावीकडं भाजी आणि अर्धी भाकरी जशीच्या तशी होती. "पोट भरलं का?" मॅडमनी विचारलं. "वाढलंयच एवढं," आजोबा म्हणाले. मॅडमनी ताट अर्धं फिरवलं. डावीकडचं उजवीकडं आलं. आजोबांचा चेहरा उजळला, "आता वाढलीस व्हय भाजी!"

त्यांचे डोळे चांगले होते. अवधानाचं माप सांभाळणारा उजव्या मेंदूचा वरचा-मागचा भाग गेला होता आणि त्याबरोबर त्यांच्या जगाची डावी बाजूच पुसली गेली होती. जे नाही, त्याच्याकडं दुर्लक्ष तरी कसं करणार? मी ज्याला स्वभाव समजले ती एक जागा होती, बोट ठेवून दाखवता येणारी. मी आजोबांच्या पाया पडले. कशासाठी, ते त्यांना कळलं नाही. त्यांनी आशीर्वाद दिला.

तेव्हापासून एक सवय लागली. घरचे म्हणाले "मुद्दाम करतात", की मी आधी नकाशा काढते.

एका आजींच्या सुनेची तक्रार होती, "बसवलं की ढकलतात. सरळ धरायला गेलं की आणखी जोर लावतात. पहिल्यापासूनच हट्टी." आजी चांगल्या हातानं आणि पायानं जोर लावून स्वतःला कमजोर बाजूकडं लोटायच्या आणि सावरायला गेलं की घाबरून ओरडायच्या. आपलं अंग सरळ आहे की कललेलं, हे मेंदूला डोळ्यांवाचूनही कळत असतं. ती आतली जाणीवच काही रुग्णांत तिरकी होते. आजींना कललेलं असतानाच सरळ वाटत होतं आणि सुनेनं सरळ केलं की आपण पडतोय असं वाटत होतं. पडणारं माणूस जोर लावणारच. मी सुनेला म्हटलं, "त्यांना धरून सरळ करू नका. दाराच्या चौकटीसमोर बसवा. म्हणावं, आई, त्या चौकटीसारख्या उभ्या व्हा." नजर शाबूत असते, तिच्या आधारानं अंग हळूहळू शिकतं. आठवडाभरानं सून सांगायला आली, "आता मी त्यांच्या पुढ्यात बसते. त्या माझ्याकडं बघून सरळ होतात." दोघींमधली जुनी तेढ मिटली की नाही, मला माहीत नाही. पण तो एक आळ तरी आजींवरून उतरला.

पंचविशीतला एक गवंडी परांचीवरून पडून डोक्याच्या मागच्या बाजूला मार लागलेला होता. हातापायात ताकद पुरेपूर, पण चाल झोकांड्या देणारी, जीभ जड. गाव म्हणायचं, दिवसाउजेडी ढोसून फिरतो. वडापवाला जीपमध्ये घेईना. त्याला आपल्या नाकाला आणि मग माझ्या बोटाला हात लावायला सांगितलं, की बोट जवळ येईपर्यंत ठीक आणि नेमकं टेकताना थरथरून पुढं निघून जायचं. लहान मेंदूचं काम हेच: हालचाल किती, कुठवर, कधी थांबायची याचा हिशोब. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळपास ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत, वजनानं तो एकूण मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढा असूनही. मी चित्र काढून समजावलं तेव्हा तो पोरगा बराच वेळ कागदाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मॅडम, माझा ओळंबाच हललाय." इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. त्याच्या खिशात ठेवायला मी एक चिठ्ठी लिहून दिली: याला नशा नाही, लहान मेंदूला इजा आहे, कृपया आधार द्या. पुढं तो एकटा प्रवास करू लागला. चिठ्ठी घडीवर फाटली की नवी लिहून घ्यायला यायचा.

वाचेचं दुखणं तर घराला सगळ्यांत जास्त कातरतं. एक बुवा होते, गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षं गाणारे. डाव्या मेंदूला झटका आल्यावर त्यांना फक्त "हे" एवढंच म्हणता येई. पाणी हवं, "हे". मुलाला हाक, "हे". लोकांना वाटलं, बुद्धीच गेली. वस्तुतः समोरच्याचं बोलणं त्यांना बहुतेक कळत होतं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यविशारदानं अशाच एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला होता. तो माणूस वर्षानुवर्षं 'टॅन' एवढंच बोलायचा. डाव्या मेंदूत, कपाळाकडच्या भागाच्या मागच्या-खालच्या कोपऱ्यात बिघाड सापडला. पुढं १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी याची दुसरी बाजू मांडली: कानाच्या वरच्या अंगाला, थोडी मागं असलेली जागा बिघडली की माणूस भराभर बोलतो, पण त्या बोलण्याला अर्थ राहत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला उमगत नाही.

मी बुवांच्या मुलाला म्हटलं, टाळ घेऊन या. मुलगा संकोचला, वॉर्डात कसं, म्हणाला. तरी आणले. त्यानं ठेका धरला, पहिली ओळ सुरू केली आणि दुसऱ्या चरणाला बुवांचा आवाज त्यात मिसळला. शब्द स्पष्ट, सूर जागेवर. मुलगा वाजवायचा थांबला आणि त्याबरोबर बुवांचे शब्दही थांबले. गाणं आणि पाठ झालेले शब्द निघायला दुसरी वाटही असते; उजवा मेंदू त्यात भाग घेतो. गाता आलं म्हणजे बोलता येईल, असं नव्हे, हे मी घरच्यांना बजावून सांगितलं. स्पीच थेरपीला महिनोन् महिने लागले आणि बुवा शेवटपर्यंत तुटक दोन-तीन शब्दांतच बोलत. पण "आतला माणूस जागेवर आहे" हे त्या दुपारी सगळ्या वॉर्डाला कळलं. त्यानंतर कुणी त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल, ते नसल्यासारखं बोललं नाही.

दोष नेहमी मेंदूतच असतो असंही नाही. भांगलणीला जाणारी एक बाई आली. उजव्या पायातली चप्पल राहत नाही, बोटं खाली लोंबतात, चालताना पाय घासतो. मुकादम म्हणाला होता, कामचुकारपणा. सलग कित्येक दिवस उकिडवं बसून काम केलं होतं तिनं. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला जे हाडाचं बोंड हाताला लागतं, त्याला वळसा घालून पाऊल उचलणारी नस जाते, अगदी कातडीखालून. घडी घातलेल्या गुडघ्यात ती चेपली गेली होती. नस म्हटलं की लोकांना रक्ताची शीर वाटते. हिच्यातून वाहतो तो निरोप. जाड धाग्यांतून सेकंदाला साधारण ५० मीटर वेगानं. नुसती चेपलेली नस काही आठवड्यांत बहुधा पूर्ववत होते. आतले धागे तुटले असतील तर ते पुन्हा वाढतात, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर. गुडघ्यापासून पावलापर्यंत पोचायला वर्ष जाईल. मेंदू आणि मज्जारज्जूत मात्र तुटलेले धागे असे परत वाढत नाहीत. हा फरक ऐकून ती म्हणाली, "मग माझं नशीब चांगलं." मी तिला पाऊल उचलून धरणारी पट्टी दिली आणि मुकादमाला दाखवायला लेखी कागद.

सगळ्यांत अवघड नकाशा एका बाईसाठी काढावा लागला. तिचा नवरा शेतकरी, पन्नाशीचा. झटक्यातून हातपाय जवळजवळ पूर्ण सुधारलेले. पण दिवसभर ओट्यावर बसून राहायचा. भूक लागली तरी मागणार नाही, अंगावर ऊन आलं तरी उठणार नाही. ती म्हणाली, "ताई, हातपाय बरे आहेत. आता त्यांना आमच्यात रसच उरला नाही." सहा महिने तिनं हे दुःख एकटीनं गिळलं होतं. मी फिल्म खिडकीशी धरली. कपाळामागं, दोन्ही अर्धगोलांच्या मधल्या भिंतीला, काळसर डाग होते. मी सांगितलं, "काम सुरू करायची जी ठिणगी लागते ना, ती इथं पडते. तीच विझली आहे. तुमच्यावरची माया काही या जागेत नसते. सुरुवात तुम्ही करून द्या. नुसतं 'जेवा' म्हणू नका, घास हातात द्या. 'शेताकडं जा' नको, 'चला' म्हणा आणि चालू लागा." तिनं त्या डागावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ठेवूनच उभी राहिली. मग ती रडली. तिचा नवरा बरा झाला नव्हता. पण आपण नकोसे झालो, ही सल तिथं संपली होती.

या कामात मी खोटा दिलासा देत नाही. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण आजूबाजूच्या शाबूत पेशी नवी वाट तयार करू शकतात आणि ती वाट पायवाटेसारखी पडते: रोज, शेकडो वेळा त्याच रस्त्यानं गेल्यावर. म्हणून माझ्या खोलीत दिवसभर मोजणं चालतं. पेला उचला, ठेवा. उचला, ठेवा. तात्या विचारायचे, "पाय आला, मग बोटं का येत न्हाईत?" चालण्याला मज्जारज्जूचा आणि मेंदूतल्या जुन्या वाटांचा आधार मिळतो. बोटांची नाजूक हालचाल मात्र जवळजवळ सगळी त्या एका खिंडीतून येणाऱ्या धाग्यांवर विसंबून असते. तात्यांनी ते ऐकलं आणि पेला पुन्हा उचलायला घेतला.

चार महिन्यांनी ते चार पायांच्या काठीवर चालत यायला लागले. हात खांद्यापर्यंत उचलता येऊ लागला. बोटं अजून नीट उघडत नव्हती.

एका सोमवारी मी आत दुसऱ्या रुग्णाबरोबर होते. बाहेरच्या बाकावर नवीन बाई बसली होती, शेजारी खुर्चीत लुळ्या हाताचा नवरा. ती त्याचा हात धरून ओढत म्हणत होती, "आवं, जरा तरी जोर लावा की."

तात्यांच्या बायकोनं तिचा हात धरला. "ओढू नगंस, खांदा निखळतुया." मग स्वतःच्या कपाळाच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं, ते डोक्यावरून मागं मानेच्या खळगीत आणलं, तिथं उजवीकडं वळवलं आणि उजव्या दंडावरून सावकाश बोटांपर्यंत नेलं. "हितं बिघाड झालाय. दोरा हितनं पलटतो आणि हितं येतो. हाताला काय बी झालेलं न्हाई. त्यांच्यावर नगं रागावू."

बाईनं नवऱ्याचा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला.